रोबोटला डोळे लावायचेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी आमच्या गच्चीखालच्या खोलीत आठ-दहा पोरं आपापले डबे घेऊन जमतात. डब्यात पोळी-भाजी नसते. बीओ मोटर (खेळण्यातल्या गाडीसारखी छोटी गिअरवाली मोटर), चाकं, जम्पर वायरींचा गुंता आणि न चालणारा एखादा कॅमेरा असतो. तेच ते प्रश्न दर आठवड्याला येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. क्रमाने वाचायची गरज नाही. घाई असेल तर उजेडाचा प्रश्न तेवढा वाचा. निम्मी दुखणी तिथलीच असतात.

इमेज प्रोसेसिंग म्हणजे रोबोट नेमकं काय करतो? त्याला दिसतं का?

दिसत काही नाही. त्याच्यापुढे आकड्यांचा तक्ता असतो. गणिताची चौकटीची वही डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक चौकटीत (तिलाच पिक्सेल म्हणतात) ० ते २५५ मधला एक आकडा: ० म्हणजे काळं, २५५ म्हणजे पांढरं. रंगीत चित्र असेल तर एकेका चौकटीत असे तीन आकडे. ६४० बाय ४८० चं चित्र म्हणजे ३,०७,२०० चौकटी आणि रंगीत असेल तर ९,२१,६०० आकडे. सेकंदाला ३० चित्रं घेतली की दर सेकंदाला पावणेतीन कोटींच्या वर आकडे अंगावर येतात.

आणि मोटरला यातलं काहीही नको असतं. तिला एकच आकडा हवा असतो: किती वळू? त्यामुळे छंदाच्या पातळीवरची इमेज प्रोसेसिंग म्हणजे मुख्यतः टाकून देण्याचं काम. रंग लागत नसेल तर रंग टाका. छत आणि भिंती दिसणारा वरचा अर्धा भाग टाका. १६० पिक्सेल रुंदीत काम भागत असेल तर उरलेले पिक्सेल टाका. नवशिका नेमकं उलटं करतो. फुल एचडी कॅमेरा आणतो आणि मग त्यातला एकेक पिक्सेल जपत बसतो.

सुरुवात कशाने करू? कोणता बोर्ड घेऊ?

आधी काहीच घेऊ नका. लॅपटॉपचा वेबकॅम आणि खेळण्यांच्या दुकानातला एकरंगी प्लॅस्टिकचा चेंडू एवढ्यावर पहिले दोन-तीन आठवडे सहज निघतात. स्क्रीनवर चेंडूभोवती गोल आला आणि तुम्ही चेंडू हलवाल तसा तो गोल मागे मागे फिरायला लागला, की मग बाजारात जा. वेबकॅम नसेल तर कपाटात पडलेला जुना अँड्रॉइड फोन चालतो. वायफायवरून त्याचं चित्र लॅपटॉपला देणारी ॲप्स फुकट मिळतात.

पुढे रोबोटवर चढवायचं म्हटलं की दोन वाटा आहेत. एक ईएसपी३२-कॅम: हजार रुपयांच्या आत मिळणारा, काड्यापेटीपेक्षाही लहान बोर्ड, त्यावर २ मेगापिक्सेलचा ओव्ही२६४० कॅमेरा. दुसरी रास्पबेरी पाय, म्हणजे एका छोट्या बोर्डावरचा पूर्ण कॉम्प्युटर; पुढे त्याला नुसतं 'पाय' म्हटलंय. त्यातल्या झीरो २ डब्ल्यू मॉडेलमध्ये चार कोअर आणि ५१२ एमबी मेमरी आहे. लहान चित्रावर रंग ओळखायला, रेघ धरायला तेवढं पुरतं. पाय ४ किंवा ५ घेतला तर हात मोकळा राहतो, पण बॅटरीही तेवढीच खातो.

पाय घेताना एक गोष्ट दुकानातच बघून घ्या. झीरो आणि पाय ५ यांचं कॅमेऱ्याचं कनेक्टर अरुंद, २२ पिनांचं असतं आणि पाय ४ चं रुंद, १५ पिनांचं. चुकीची पट्टी केबल घेऊन घरी आलेला माणूस दर महिन्याला एक तरी भेटतो. दुसरं म्हणजे २०२१ पासून पायच्या सिस्टिममधला कॅमेऱ्याचा जुना सगळा कारभार बदलला. त्याआधीच्या व्हिडिओंतल्या आज्ञा तशाच टाइप केल्या तर चालत नाहीत. 'पायकॅमेरा२' या नावाने शोधा.

माझ्याकडे अर्डुइनो ऊनो आहे. त्यालाच कॅमेरा लावता येईल ना?

ऊनो हा मोटरी, सेन्सर हाताळणारा छोटा बोर्ड. त्याची मेमरी २ केबी, म्हणजे २,०४८ बाइट. १६० बाय १२० चं काळंपांढरं चित्र धरलं तरी १९,२०० बाइट लागतात. पाण्याच्या पेल्यात हंडा ओतण्याचा प्रकार आहे. लोकांनी ओव्ही७६७० कॅमेरा ऊनोला जोडून चित्र ओळीओळीने बाहेर काढलेलं आहे, पण ती हौस झाली. त्यातून रोबोट चालत नाही.

ऊनो फेकू मात्र नका. कॅमेरा आणि विचार पायकडे, मोटरी ऊनोकडे, अशी वाटणी उत्तम चालते. पायने वायरीवरच्या सीरियल जोडणीतून फक्त डाव्या आणि उजव्या चाकाचा वेग पाठवायचा. मोटरीच्या बाजूला काही जळलं तर स्वस्तातलं जळतं, हा वरचा फायदा.

ईएसपी३२-कॅम आणला, पण प्रोग्रॅमच चढत नाही. बोर्ड खराब आहे का?

बहुधा नाही. सगळ्यात जास्त विकल्या जाणाऱ्या प्रकारावर यूएसबीचं तोंडच नसतं, त्यामुळे यूएसबी-सीरियल जोडणी वेगळी लागते. प्रोग्रॅम चढवताना जीपीआयओ ० ही पिन ग्राउंडला (ऋण टोकाला) जोडायची, रीसेट दाबायचं, प्रोग्रॅम चढला की ती वायर काढायची आणि पुन्हा रीसेट दाबायचं. वायर काढायला विसरलात तर बोर्ड नव्या प्रोग्रॅमची वाट बघत गप्प बसतो.

चढला पण सारखा रीसेट होतोय आणि सीरियल मॉनिटरवर 'ब्राउनआउट' येतंय, तर त्याला वीज पुरत नाही. कॅमेरा आणि वायफाय एकदम सुरू झाले की करंट उसळतो. बोर्डाच्या ५ व्होल्टच्या पिनला धड सप्लाय द्या, वायर जाड आणि आखूड ठेवा.

ओपनसीव्ही शिकायलाच हवी का? केवढं मोठं प्रकरण आहे ते!

ओपनसीव्ही म्हणजे इमेज प्रोसेसिंगच्या तयार फंक्शनांची लायब्ररी. प्रकरण मोठं आहे, पण तुम्हाला त्यातलं चिमूटभर लागतं. इंटेलमध्ये १९९९ साली हे काम सुरू झालं आणि २००० मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. २००५ साली अमेरिकेतल्या वाळवंटात विनाचालक गाड्यांची शर्यत स्टॅनफर्डच्या 'स्टॅनली' गाडीने जिंकली, तिच्यातही हीच लायब्ररी होती. आज ती फुकट आहे, पायथनमधून वापरता येते आणि अडलात तर उत्तरं ढिगाने सापडतात.

पहिल्या सहा महिन्यांत खरोखर लागणारी फंक्शनं सांगतो: चित्र लहान करणारं रीसाइज, रंगाची भाषा बदलणारं सीव्हीटीकलर, ठरावीक रंग उचलणारं इनरेंज, काळंपांढरं वेगळं करणारं थ्रेशोल्ड, ठिपके साफ करणारं मॉर्फॉलॉजीएक्स, कडा शोधणारं फाइंडकॉन्टूर्स आणि मधला बिंदू काढून देणारं मोमेंट्स. सात झाली. बाकीची लागतील तेव्हा येतात.

माझा केशरी चेंडू स्क्रीनवर निळा दिसतो!

ओपनसीव्ही रंग उलट्या क्रमाने ठेवते: आधी निळा, मग हिरवा, शेवटी लाल. जगातली बाकीची बरीच सॉफ्टवेअरं लाल आधी धरतात. दोन्हींची गाठ पडली की केशरी निळा आणि निळा केशरी होतो. कॅमेरा शाबूत आहे. सीव्हीटीकलरने क्रम बदला.

असाच दुसरा चकवा: चित्रातला बिंदू मागताना आधी ओळ, मग स्तंभ द्यावा लागतो, म्हणजे आधी उभा अंक, मग आडवा. शिवाय शून्य डाव्या वरच्या कोपऱ्यात असतं आणि उभा अंक खाली येताना वाढतो. शाळेतल्या आलेखाची सवय असलेला प्रत्येक जण इथे एकदा आपटतो.

रंग ओळखायला लाल-हिरवा-निळा हे आकडे का नकोत? सगळे एचएसव्ही का म्हणतात?

चेंडू हातात घ्या आणि खिडकीपासून खोलीच्या कोपऱ्यात न्या. तुमच्या डोळ्यांना तो केशरीच दिसेल, पण चित्रातले लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही आकडे धाडकन खाली येतील. 'लाल २०० च्या वर असेल तर चेंडू' असा नियम लिहिला असेल तर तो कोपऱ्यात मेला. एचएसव्ही ही रंग लिहायची दुसरी पद्धत: तिच्यात रंगाची जात (ह्यू) एका आकड्यात असते, भडकपणा (सॅच्युरेशन) दुसऱ्यात आणि उजेड (व्हॅल्यू) तिसऱ्यात. सावलीत गेल्यावर मुख्यतः तिसरा आकडा हलतो, पहिला बऱ्यापैकी जागेवर राहतो.

ओपनसीव्हीत पहिला आकडा ० ते १७९ एवढाच जातो, ३६० पर्यंत नाही, कारण ३६० एका बाइटमध्ये मावत नाही. केशरी चेंडूसाठी ५ ते २० पासून सुरुवात करा, दुसरा आकडा १२० च्या वर आणि तिसरा ७० च्या वर ठेवा आणि तुमच्या खोलीत सरकवून बघा. लाल रंग मात्र त्रास देतो. तो चक्राच्या सांध्यावर बसलाय, त्यामुळे थोडा ० कडे आणि थोडा १७९ कडे सापडतो. दोन मास्क (जुळलेले पिक्सेल पांढरे, बाकी सगळे काळे असं चित्र) काढून ते जोडावे लागतात. पहिला प्रकल्प लाल चेंडूवर करू नका, एवढाच माझा सल्ला.

पण रंग जुळला म्हणजे वस्तू सापडली असं नव्हे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आई हॉलमध्ये तोरण ओवत बसली होती, समोर झेंडूची भरलेली परात. मी चेंडूमागे धावणारा रोबोट जमिनीवर सोडला. त्याने चेंडूकडे ढुंकूनही पाहिलं नाही, थेट परातीला जाऊन धडकला. आई म्हणाली, "बरं कळतं हो ह्याला, सण आहे ते."

त्या दिवसापासून रंगानंतर आकारही तपासतो. सापडलेल्या डागाचं क्षेत्रफळ घ्यायचं, त्याला ४ आणि पायने गुणायचं (हा गणितातला पाय, ३.१४ वाला) आणि परिघाच्या वर्गाने भागायचं. पूर्ण वर्तुळ असेल तर उत्तर १ येतं. आकार वेडावाकडा होत जाईल तसं ते खाली येतं. चेंडूचं ०.८ च्या वर राहतं, झेंडूच्या राशीचं फार खाली. त्याआधी मास्कवरचे बारीक ठिपके मॉर्फॉलॉजीएक्समधल्या ओपनिंगने झाडून घ्या, नाहीतर परिघ उगाच फुगतो.

दुपारी मस्त चालतं, संध्याकाळी ट्यूबलाइट लावली की सगळं बिघडतं. कोड तोच आहे!

कोड तोच, उजेड वेगळा. शिवाय कॅमेरा तुमच्या पाठीमागे तीन गोष्टी परस्पर बदलत असतो: एक्स्पोजर (एका चित्रासाठी किती वेळ उजेड घ्यायचा), गेन (आलेला उजेड किती वाढवायचा) आणि व्हाइट बॅलन्स (पांढरं कशाला म्हणायचं). माणसाच्या फोटोसाठी ते चांगलं, रोबोटसाठी वैताग. रोबोट पांढऱ्या भिंतीकडे वळला की कॅमेऱ्याला वाटतं फार उजेड झाला, तो चित्र अंधारं करतो आणि तुमचा रंग मर्यादेबाहेर जातो. रोबोट वळला की चेंडू हरवतो, ही तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेकांचं मूळ हेच निघतं. म्हणून सुरू झाल्यावर एक-दोन सेकंद कॅमेऱ्याला स्थिरावू द्या, मग तिन्ही गोष्टी तिथेच गोठवा. पायच्या कॅमेऱ्यात हे कोडमधून होतं, बहुतेक वेबकॅममध्येही होतं.

ट्यूबलाइटचा मामला आणखी वेगळा आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे चोक-स्टार्टरवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा मिणमिणते. डोळ्याला ते कळत नाही. पण हौशी लोकांकडचे बहुतेक कॅमेरे चित्र एकदम टिपत नाहीत, वरून खाली ओळीओळीने टिपतात. काही ओळी ट्यूब उजळ असताना टिपल्या जातात, काही मंद असताना, आणि चित्रावर आडवे पट्टे सरकताना दिसतात. उपाय सोपा आहे: एक्स्पोजर १० मिलिसेकंदांच्या पटीत ठेवा, म्हणजे १० किंवा २०. प्रत्येक ओळीला पूर्ण लुकलुक मिळते आणि पट्टे जातात. वेबकॅमच्या सेटिंगमध्ये वीजवारंवारता ६० हर्ट्झवर असेल तर ती ५० करा. स्वस्तातले काही एलईडी बल्बही असेच मिणमिणतात. फोनच्या कॅमेऱ्यातून बघितलं तर पट्टे पकडता येतात.

एक्स्पोजर वाढवत नेऊन अंधारावर मात करू म्हणाल तर तेही फसतं. कॅमेऱ्याला ६२ अंशांचा पट्टा ६४० पिक्सेलमध्ये दिसत असेल तर एका अंशाला साधारण १० पिक्सेल येतात. रोबोट सेकंदाला ९० अंश वळतोय आणि एक्स्पोजर २० मिलिसेकंद आहे, तर एका चित्राच्या वेळातच तो १.८ अंश फिरतो. म्हणजे प्रत्येक कड १८ पिक्सेल फासली जाते.

त्यापेक्षा उजेड आणा. रोबोटच्या पुढे दोन-तीन पांढरे एलईडी लावून त्यांच्यावर बटर पेपरचा तुकडा चिकटवला की खोलीत कुठलाही दिवा असो, जमिनीवर तुमचा स्वतःचा, रोजचा ओळखीचा उजेड पडतो. आमच्या खोलीत चार नव्या अल्गोरिदमनी जे झालं नाही ते या बटर पेपरने केलं.

कॅमेऱ्याने लाइन फॉलोअर करायचा आहे. आयआर सेन्सरपेक्षा काय वेगळं?

लाइन फॉलोअर म्हणजे जमिनीवरची रेघ धरून चालणारा रोबोट. जमिनीवरून परतणारा इन्फ्रारेड उजेड मोजणाऱ्या आयआर सेन्सरला फक्त चाकाखालचं कळतं. कॅमेऱ्याला पुढचं वळण आधी दिसतं. बाकी काम सोपं आहे, आणि मला विचाराल तर पहिला प्रकल्प हाच करावा.

रेघेसाठी काळी इन्सुलेशन टेप सगळेच वापरतात, पण ती चकाकते, आणि दिव्याखाली तिचा मधला भाग पांढरा दिसतो. मॅट कागदी टेप बरी. आमच्याकडे शहाबादी फरशी आहे, तिच्यावर आम्ही रांगोळीची रेघ ओढतो. गडद फरशीवर पांढरीशुभ्र रांगोळी, यापेक्षा ठळक फरक कुठे मिळायचा? आवडेल तसा रस्ता काढा, नाही पटला तर पुसा. तोटा एकच: चार फेऱ्यांनंतर चाकांनी रांगोळी पसरते आणि रेघ धूसर होत जाते. चाकं रेघेच्या दोन्ही बाजूंनी जातील अशी रुंद चेसिस (रोबोटचा सांगाडा) केली तर जास्त टिकते.

आता चित्राकडे. आकार १६० बाय १२० करा, रंग काढून राखाडी छटांचं करा आणि खालच्या ३० ओळी ठेवून बाकी सगळं कापून टाका. मग थ्रेशोल्ड: अमुक आकड्याच्या वरचं पांढरं, खालचं काळं. तो आकडा हाताने ठरवत बसू नका, ओत्सूची पद्धत वापरा. जपानच्या नोबुयुकी ओत्सूंनी १९७९ मध्ये मांडलेली ही युक्ती चित्रातले आकडे बघून दोन गटांमधली सगळ्यात चांगली सीमारेषा स्वतः शोधते. तिची एक खोड लक्षात ठेवा. चित्रात रेघच नसेल तरी ती बिचारी कुठेतरी सीमा आखतेच, आणि नुसत्या फरशीतून भुताची रेघ काढून दाखवते. म्हणून पांढरे पिक्सेल किती निघाले ते मोजा. नेहमीपेक्षा खूप कमी किंवा खूप जास्त निघाले तर रेघ हरवली असं समजा आणि शेवटची ज्या बाजूला दिसली होती तिकडे हळू वळा.

उरलेल्या पांढऱ्या पिक्सेलांच्या आडव्या अंकांची सरासरी काढा. समजा रेघ १०४ ते १२० या स्तंभांत आहे, सरासरी ११२. चित्राचा मध्य ८०. चूक ३२, म्हणजे रेघ उजवीकडे आहे. या ३२ ला ०.८ ने गुणलं की साधारण २६. दोन्ही चाकांचा मूळ वेग १२० असेल तर डावं १४६, उजवं ९४. रोबोट उजवीकडे वळतो. झालं. पावणेतीन कोटींचा एक आकडा असा होतो.

रेघ सापडते, पण रोबोट दारूड्यासारखा झुलत जातो.

दोन कारणं असतात. पहिलं म्हणजे तो ०.८ चा आकडा मोठा असणं. अर्धा करून बघा, आणि चूक किती वेगाने बदलतेय याचाही थोडा हिस्सा धरा. पीआयडी नावाच्या चूक सुधारायच्या सूत्रातला 'डी' तोच.

दुसरं कारण लपून बसतं: उशीर. रोबोट जे चित्र बघून वळतोय ते आत्ताचं नसतं. सेकंदाला अर्धा मीटर जाणाऱ्या रोबोटकडे चित्र २०० मिलिसेकंद उशिरा आलं, तर तो १० सेंटिमीटर मागच्या जगात जगतोय. हा उशीर मोजता येतो. फोनवर स्टॉपवॉच लावून कॅमेऱ्यापुढे धरा, लॅपटॉपवर कॅमेऱ्याचं चित्र चालू ठेवा आणि दुसऱ्या फोनने दोन्हींचा एकत्र फोटो काढा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे तुमचा उशीर.

ओपनसीव्ही वेबकॅमची काही चित्रं रांगेत साठवते. तुमचं काम मंद असेल तर तुम्हाला कायम रांगेतलं शिळं चित्र मिळतं. चित्र वाचायचं काम वेगळ्या थ्रेडमध्ये (प्रोग्रॅमच्या आतच समांतर चालणाऱ्या कामात) सतत चालू ठेवा आणि लागेल तेव्हा सगळ्यात ताजं तेवढं उचला. वायफायवरून चित्र लॅपटॉपला पाठवून परत आज्ञा मागवण्याची रचना असेल तर वेग कमी ठेवण्यावाचून गत्यंतर नाही.

एका कॅमेऱ्याने चेंडू किती लांब आहे हे कळेल का?

चेंडूचा खरा आकार माहीत असेल तर कळेल. टेनिसचा चेंडू साधारण ६.७ सेंटिमीटरचा. तो कॅमेऱ्यापासून मोजून ५० सेंटिमीटरवर ठेवा आणि चित्रात किती पिक्सेल रुंद दिसतो ते बघा. समजा ७१ आले. ७१ गुणिले ५० भागिले ६.७, म्हणजे साधारण ५३०. हा तुमच्या कॅमेऱ्याचा आकडा, जपून ठेवा. पुढे कधी चेंडू ३६ पिक्सेल दिसला तर ५३० गुणिले ६.७ भागिले ३६, म्हणजे सुमारे ९९ सेंटिमीटर.

२ मीटरवर तोच चेंडू जेमतेम १८ पिक्सेलांचा होतो, आणि तिथे एक पिक्सेल इकडेतिकडे झाला की उत्तर दहा-बारा सेंटिमीटरनी हलतं. जवळ नेमकं, लांब अंदाजपंचे. शिवाय चित्राचा आकार बदललात तर हा आकडा नव्याने काढा. पायच्या दुसऱ्या पिढीच्या कॅमेऱ्यात काही लहान आकार निवडले की तो सेन्सरचा फक्त मधला तुकडा वापरतो आणि सगळं जवळ आल्यासारखं दिसतं.

स्पर्धेत ते काळेपांढरे चौकोन लावतात ते काय?

ॲरुको मार्कर. स्पेनमधल्या कोर्दोबा विद्यापीठातून आलेले, २०१४ च्या सुमाराचे. क्यूआर कोडचा साधा भाऊ समजा: आत फक्त एक क्रमांक असतो, पण चार कोपरे नेमके सापडत असल्याने चौकोन किती लांब आहे आणि किती कललाय हेही काढता येतं. मिशिगन विद्यापीठाचे एप्रिलटॅग याच जातीचे. आयआयटी मुंबईच्या ई-यंत्र या रोबोट स्पर्धेची तयारी करणाऱ्यांची यांच्याशी हमखास गाठ पडते.

छापून आणताना दोन चुका ठरलेल्या. झेरॉक्सवाल्याकडून हौसेने लॅमिनेशन करून आणतात, मग त्यावर दिवा चमकतो आणि अर्धा चौकोन पांढरा होतो. दुसरी चूक माझ्या पुतणीने केली. "काका, हा दिसतच नाही कॅमेऱ्याला." बघतो तर तिने कात्रीने काळ्या कडेला अगदी चिकटून सुबक कापला होता आणि काळ्या चेसिसवर चिकटवला होता. काळ्या चौकटीभोवती पांढरी मोकळी जागा लागते, तिच्यामुळेच चौकट उठून दिसते. पांढऱ्या कागदावर पुन्हा चिकटवला, लगेच सापडला.

हे सगळं कशाला? थेट एआय, योलो वगैरे लावलं तर?

योलो म्हणजे चित्रातल्या वस्तू ओळखायला शिकवलेलं तयार मॉडेल. लावा की, पण कशासाठी लावताय ते आधी सांगा. मांजर आणि चप्पल यांत फरक करायचाय तर रंग आणि गोलाई कामाला येणार नाही, तिथे शिकवलेलं मॉडेलच हवं. रेघ धरायला किंवा एकरंगी चेंडू शोधायला योलो लावणं म्हणजे कोथिंबीर चिरायला कोयता. पायसारख्या बोर्डावर, जोडीला वेगळी एआय चिप नसेल तर, सेकंदाला मोजकीच चित्रं निघतात आणि वरचं उशिराचं दुखणं दुप्पट होतं.

आणखी एक अडचण आहे. मॉडेल चुकलं तर का चुकलं हे नवशिक्याला कळायला मार्ग नसतो. मास्क चुकला तर स्क्रीनवर दिसतो.

मोटर सुरू झाली की कॅमेरा बंद पडतो.

एकाच बॅटरीवर सगळं चालवताय. मोटर सुटताना जोराचा करंट ओढते, व्होल्टेज क्षणभर बसतं आणि पाय किंवा ईएसपी घाबरतो. पायच्या स्क्रीनवर विजेचं चिन्ह चमकलं तर व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलंय. मोटरींना वेगळी बॅटरी द्या किंवा बोर्डाला वेगळा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवून देणारं सर्किट). आणि दोन्हींचं ग्राउंड एकत्र जोडा. हे विसरून अख्खा रविवार घालवणाऱ्यांत मीही आहे.

रोबोटवर कोड चालवला तर चित्राची खिडकी उघडत नाही, एरर येते.

दुरून लॉगिन केलंय, तिथे स्क्रीनच नाही. खिडकी दाखवणाऱ्या ओळी काढा, चित्र फाइलमध्ये साठवा.

गणित किती यायला हवं?

सरासरी, गुणोत्तर आणि आलेखावर बिंदू मांडता येणं. आमच्याकडची सातवीची पोरं एवढ्यावर रेघ धरतात. मॅट्रिक्स वगैरे कॅमेरा कॅलिब्रेशनला लागतात, तेव्हा बघू.

सामान कुठून घ्यावं?

मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड, पुणेकरांना बुधवार पेठ सांगायची गरज नाही. बाकीच्यांना ऑनलाइन. कॅमेरा दुकानात घेत असाल तर लेन्सवरची पातळ प्लॅस्टिकची फिल्म घरी काढा, दुकानात नको. आणि काढायला विसरू नका. धुरकट चित्राचं ते सगळ्यात सोपं कारण आहे.

काय चुकतंय तेच कळत नाही. शोधायचं कसं?

रोबोटला जे दिसलं ते साठवून ठेवा. दर पाचवं चित्र कार्डवर लिहा, आणि त्याच्या नावात त्या वेळी 'चूक' किती निघाली तो आकडा आणि दोन्ही चाकांचा वेग घाला. मग टेबलाशी बसून ती चित्रं एकामागून एक बघा आणि तोच कोड त्यांच्यावर पुन्हा चालवा. रोबोटमागे रांगत फिरण्यापेक्षा हे बरं, गुडघेही शाबूत राहतात.

एका मुलीचा लाल चेंडूवाला रोबोट (सल्ला न ऐकता लालच घेतला होता) खोलीत सोडला की जागच्या जागी गोल फिरायचा. चेंडू कुठेही असो, हा आपला फिरतोय. मोटर ड्रायव्हर बदलून झाला, बॅटरी बदलून झाली. शेवटी साठवलेली चित्रं उघडली. प्रत्येक चित्रात खाली डाव्या कोपऱ्यात एक इवलासा लाल डाग होता. बोर्डावरचा पॉवरचा एलईडी चकचकीत फरशीत दिसत होता आणि रोबोट त्याचा पाठलाग करत होता. तिने आईच्या पाकिटातली एक मोठी काळी टिकली काढली आणि एलईडीवर चिकटवून टाकली.